पाहुण्यांना किसननगर दाखवावं का?

ठाण्यात पाहुणा आला की त्याला कुठे न्यायचं, हे जवळपास प्रत्येक घरात ठरलेलं असतं. कोपिनेश्वराचं दर्शन, संध्याकाळी तलावपाळीवर फेरी, सकाळी मिसळ, वेळ असला तर उपवन आणि येऊर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच येऊन थांबली, हेही अभिमानाने सांगून होतं. जाताना घोडबंदर रोडवरून गाडी नेली की टॉवर दिसतात आणि "केवढं बदललं हो ठाणं!" हे पाहुण्याच्या तोंडून आपोआप येतं. वागळे इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीशेजारची दाटीवाटीची कामगार वस्ती असलेलं किसननगर या फेरीत नसतं. लोकमान्यनगर नसतं, कळव्याच्या डोंगरउतारावरच्या चाळी नसतात, मुंब्रा आणि दिघा तर नसतातच.

हल्ली मात्र काही पाहुणे स्वतःहून विचारतात. आर्किटेक्चर किंवा समाजकार्य शिकणारी मुलं विचारतात, धारावीची फेरी करून आलेला परदेशी सहकारी विचारतो, अमेरिकेत वाढलेली भाची विचारते, "मामा, हे सगळं छान आहे, पण या टॉवरमध्ये कामाला येणारे लोक राहतात कुठे?" मग घरात वाद सुरू होतो. थोरली मंडळी म्हणतात, घरची लक्तरं वेशीवर टांगायची नसतात. तरुण म्हणतात, आहे ते दाखवायला लाज कसली?

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: दाखवायचं की झाकायचं हे ठरवणारे आपण. पाचपाखाडी किंवा हिरानंदानीसारख्या सुखवस्तू भागात राहणाऱ्या माणसाने किसननगरबद्दल ठरवायचं. माझ्या मते इथेच पाय घसरतो. वस्ती दाखवावी, असंच मला वाटतं. पण ती कुणी दाखवायची, काय दाखवायचं आणि त्या फेरीतून तिथल्या माणसाला काय मिळणार, ही तीन उत्तरं आधी हातात हवीत. ती कशी शोधायची हे समजून घ्यायला थोडं बाहेरच्या शहरांकडे पाहू.

अमेरिकेतलं डेट्रॉइट हे मोटार कारखान्यांवर उभं राहिलेलं शहर. १९५० मध्ये तिथे सुमारे १८ लाख ५० हजार लोक राहत होते. ठाणे महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ४१ हजार होती, म्हणजे माणसांच्या हिशेबाने दोन्ही शहरं जवळजवळ सारखीच. पुढे तिथले कारखाने बाहेर गेले, गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांत गेली, कराचं उत्पन्न आटलं. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी पत्करली. २०२० च्या जनगणनेत तिथे ६ लाख ३९ हजार माणसं उरली होती. मागे राहिल्या ओस पडलेल्या गल्ल्या आणि मिशिगन सेंट्रलसारखं अवाढव्य रेल्वे स्टेशन. ते १९१३ मध्ये उघडलं होतं. जानेवारी १९८८ मध्ये तिथून शेवटची गाडी सुटली. मग जगभरातून कॅमेरे आले. कोसळलेली छतं, फुटक्या खिडक्यांतून येणारं ऊन, भिंतीतून उगवलेली झाडं. फोटो सुंदर होते, पण त्यांत माणूस नव्हता. शहरात तेव्हाही लाखो लोक राहत होते, मुलांना शाळेत सोडत होते, बसची वाट पाहत होते, आणि जगाला वाटत होतं की डेट्रॉइट मेलं. तिथल्या लोकांचा राग नेमका यावर होता.

त्याच शहरात टायरी गायटन नावाच्या चित्रकाराने १९८६ मध्ये स्वतः वाढलेल्या हायडलबर्ग स्ट्रीटवर दुसरंच काहीतरी सुरू केलं. रिकामी घरं त्याने ठिपक्यांनी रंगवली, टाकून दिलेल्या खेळण्यांनी, बुटांनी सजवली. महापालिकेने १९९१ आणि १९९९ मध्ये त्यातला काही भाग पाडला, तरी लोक पाहायला येत राहिले. पडझड तीच होती, पण ती काय सांगते हे त्या गल्लीतला माणूस सांगत होता. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. (ते स्टेशन पुढे २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने घेतलं आणि दुरुस्त करून जून २०२४ मध्ये पुन्हा उघडलं.)

तरीही डेट्रॉइटचा धडा ठाण्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे पडक्या इमारतीचा फोटो काढला तर आत बहुधा कुणी नसतं. आपल्याकडे मोडकळीला आलेल्या इमारतीच्या प्रत्येक खोलीत कुकरची शिट्टी होत असते. तिथल्या अडचणीचं मूळ माणसं निघून जाण्यात होतं. आपल्याकडे माणसं येत राहिली आणि घरं कुणी बांधली नाहीत. त्यामुळे आपल्या वस्तीत कॅमेरा उचलला की तो थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर, दारात अंघोळ करणाऱ्या पोरावर रोखला जातो.

भरलेल्या वस्तीत पर्यटक नेले की काय होतं, हे न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्सने पाहिलं. एक खासगी कंपनी परदेशी पर्यटकांना तिकीट लावून बसमधून तिथे फिरवत असे. एका चर्चबाहेर मोफत धान्यासाठी रांग लागायची, तीही बसमधून दाखवली जायची. २०१३ मध्ये ही बातमी छापून आली, स्थानिक लोकप्रतिनिधींनी जाहीर निषेध केला आणि कंपनीला फेऱ्या बंद कराव्या लागल्या. रांगेत उभ्या असलेल्या बाईची चूक काय होती? ती धान्य घ्यायला आली होती, बघितली जायला नव्हे.

हा प्रकार नवा नाही. १८८० च्या दशकात लंडनचे श्रीमंत लोक संध्याकाळी ईस्ट एंडच्या गरीब गल्ल्यांत हिंडायला जात. त्याच गल्ल्यांत, त्याच दशकात चार्ल्स बूथ नावाचा एक उद्योजकही गेला. त्याने १८८६ पासून माणसं लावून रस्त्यामागून रस्ता नोंदवला आणि कोणत्या रस्त्यावर किती गरिबी आहे याचे रंगीत नकाशे छापले. म्हाताऱ्या माणसांना सरकारी पेन्शन मिळावी, हा आग्रह त्याने त्यातूनच धरला. १९०८ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला. पाहणारे दोघेही बाहेरचेच होते. एकाने बघितलं आणि घरी जाऊन जेवला, दुसऱ्याने बघितलं आणि हिशेब मांडला.

आपल्या शेजारी धारावी आहेच. तिथे २००५ मध्ये सुरू झालेल्या रिअॅलिटी टूर्सने काही नियम घालून घेतले: छोटे गट, पायी फेरी, फोटो बंद, आणि नफ्याचा ८० टक्के वाटा आपल्याच सेवासंस्थेतून तिथल्या शिक्षणाच्या कामासाठी. फेरीत भर असतो तो कामावर: प्लॅस्टिक वेगळं करणारे, चामड्याचं काम करणारे, कुंभारवाडा. यावरही टीका होते आणि ती व्हायला हवी. तरी पाहुणा तिथून "बिचारे!" म्हणत बाहेर पडण्याऐवजी "इथे केवढं काम होतं!" म्हणत बाहेर पडतो, हा फरक मला लहान वाटत नाही.

झाकण्याचाही एक इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष येणार म्हणून अहमदाबादेत रस्त्याकडेच्या सरणियावास वस्तीपुढे भिंत बांधली. २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी दिल्लीत काही वस्त्यांपुढे हिरवं कापड ओढलं. भिंतीमागच्या माणसाला त्या दिवशी कळतं की शहराला आपली लाज वाटते. पाहुणा दोन दिवसांत निघून जातो. ही जाणीव मात्र राहते.

आता ठाण्याकडे येऊ, कारण खरा विषय इथेच आहे.

किसननगरच्या अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेल्या चार-पाच मजली इमारती, खाली दुकानं आणि वर पाण्याच्या पाइपांची जाळी पाहून नवखा माणूस म्हणतो, "किती बेशिस्त बांधकाम!" हे वाक्य त्याच्या तोंडी येण्याआधी त्याला वागळे इस्टेट समजायला हवी. १९६० च्या दशकात इथे औद्योगिक वसाहत वाढली. इंजिनीअरिंग, औषधं, रसायनं, छपाई, सुटे भाग. कारखान्यांना प्लॉट मिळाले, रस्ते मिळाले, वीज-पाणी मिळालं. कामगाराला पगार मिळाला, पण घर मिळालं नाही. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेला माणूस रोज सायकलने किंवा पायी कामावर पोचेल एवढ्या अंतरावर जागा शोधत होता. शेजारच्या खासगी जमिनींवर चाळी उठल्या. कुटुंबं वाढली, गावाहून भाऊ आले, तेव्हा चाळींच्या जागी मजले चढले. परवानगीची वाट पाहत बसायला कुणालाच सवड नव्हती, आणि देणाऱ्यांनीही कामगारांसाठी दुसरी सोय केली नव्हती. पुढे राज्याचे मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे यांचं राजकारण सुरू झालं ते शिवसेनेचे याच किसननगरचे शाखाप्रमुख म्हणून.

नंतर एकेक कारखाना बंद पडत गेला किंवा बाहेर गेला. १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीच्या जमिनीवर आता टॉवर आहेत. कळव्याची मफतलाल गिरणी बंद झाली. वागळेत कारखान्यांच्या जागी आयटीची ऑफिसं आली. ज्या माणसांसाठी किसननगर उभं राहिलं त्यांची नोकरी गेली, घर राहिलं. त्या घराला बांधकाम परवानगी नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून मोठी दुरुस्ती नाही. जुन्या नियमांनी एकेक इमारत पाडून नवी बांधायची तर गल्ली इतकी अरुंद की परवानगीच मिळत नाही, आणि बिल्डरला परवडतही नाही. म्हणून लोक प्लॅस्टर मारतात, लोखंडी टेकू लावतात, गच्चीवर पत्रा टाकतात. बाहेरून जी बेशिस्त दिसते तिच्या मागे अशी ओळीने लागलेली कारणं आहेत.

यातून सुटका म्हणून ठाण्यात क्लस्टर योजना आणली गेली. सोप्या शब्दांत क्लस्टर म्हणजे एकेका इमारतीऐवजी सबंध पट्टा एकत्र घ्यायचा, रस्ते रुंद करायचे, रहिवाशांना नव्या इमारतीत घरं द्यायची आणि जास्तीच्या बांधकामातून खर्च भागवायचा. किसननगर त्यातला महत्त्वाचा भाग. योजनेबद्दल रहिवाशांच्या मनात आशा आहे आणि धास्तीही आहे: कागदपत्रं पुरतील का, पात्र ठरू का, मधल्या काळात भाड्याने कुठे राहायचं, दुकानाचा गाळा परत मिळेल का.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. त्यातला सी-वन म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-टू-बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. ही अक्षरं ठाण्यातल्या गृहिणींनाही पाठ असतात. ती का पाठ असतात, ते विसरता येत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायलाही आली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात, बी केबिनजवळ कृष्णा निवास कोसळली, १२ जण गेले. नौपाडा म्हणजे ठाण्याचा जुना, प्रतिष्ठित मराठी भाग. पडझड फक्त गरिबांच्या वस्तीत असते, हा समज त्या रात्री खोटा ठरला. पाहुण्याला वाईट अवस्थेतलं ठाणं दाखवायचं असेल तर नौपाड्यातली एखादी सी-वनची नोटीस लागलेली जुनी इमारतही त्या फेरीत यायला हवी. एका वस्तीवरच शिक्का मारण्याचं कारण नाही.

खाडीपलीकडे नवी मुंबईत हेच जरा वेगळ्या रूपात दिसतं. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथल्या गावठाणांत दोन इमारतींमध्ये हातभर जागा नसते, आणि शंभर पावलांवर सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, आखीव सेक्टर असतो. पाहुणा तुलना करतो आणि गावाला नावं ठेवतो. त्याला सांगायला हवं की १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन या नव्या शहरासाठी घेतली गेली, आणि ज्यांची भातशेती, मिठागरं आणि खाडी गेली ते आगरी-कोळी लोक या गावठाणांत राहिले. घरातली माणसं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क पुढे आला. तिथले लोक आपल्या वाढीव बांधकामाला "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात. हा शब्द कळल्याशिवाय त्या गल्लीतून फिरणं म्हणजे मालकाच्या अंगणात उभं राहून त्यालाच अतिक्रमणावर व्याख्यान देणं.

याच खाडीत ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. पक्षी पाहायला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः गेलो आहे आणि पुन्हा जाईन. पण शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेलं शैवाल हे फ्लेमिंगो इथे रमण्याचं एक कारण मानलं जातं, आणि ज्या कोळी कुटुंबांची मासेमारी त्याच सांडपाण्याने बुडाली ती किनाऱ्यावरच राहतात. बोटीत बसलेल्या पाहुण्याला गुलाबी थवा दाखवताना ही दुसरी बाजूही दोन वाक्यांत सांगता येते.

मग प्रत्यक्षात कसं न्यायचं? पहिली गोष्ट, आपण पुढे चालायचं नाही. वस्तीतलाच कुणीतरी हवा: व्यायामशाळेचा पोरगा, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त कामगार, मंडळाचा कार्यकर्ता. त्यांच्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्यावेत, आणि "चहापाण्याला" असं म्हणून नव्हे, मानधन म्हणून. गणेशोत्सव मंडळाला किंवा सोसायटीला आधी कळवावं, याला एक मोठं कारण आहे. क्लस्टरच्या काळात अनोळखी माणसं वही आणि कॅमेरा घेऊन गल्लीत शिरली की लोकांना वाटतं सर्व्हे आला. "काका, आमचं नाव लिहिलं का?" असं एखादी आजी धावत येऊन विचारू शकते. आपल्या हौसेच्या फेरीने तिच्या मनात घराची आशा किंवा घर जाण्याची भीती जागी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बसने जाऊ नये. चार-सहा माणसं, पायी. वडापाव, चहा, इस्त्री, काय हवं ते तिथेच विकत घ्यावं. कॅमेरा पिशवीत. गप्पा झाल्यावर कुणी स्वतः म्हणालं, "आमच्या वर्कशॉपचा फोटो काढा की," तर जरूर काढावा. मुलांचे काढूच नयेत. घरात बोलावलं तर जावं, बोलावलं नाही तर उंबऱ्यापलीकडे नजरही टाकू नये. सी-वनची नोटीस लागलेल्या इमारतीच्या जिन्यावर कुणालाही चढवू नये; हा धोका खरा आहे.

आणि काय दाखवायचं? लेथ मशीन चालणारे गाळे, पोळी-भाजी केंद्र, मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात ती अभ्यासिका, नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणारे मजूर (त्यांच्याकडे लांबून बोट न दाखवता, थांबून बोलून). पाणी किती वाजता येतं आणि त्या वेळेभोवती घरातल्या बाईचा दिवस कसा आखला जातो, हे तिथल्याच बाईने सांगितलं तर नगररचनेच्या व्याख्यानापेक्षा जास्त कळतं.

घरची लक्तरं हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण तो वस्तीतूनही येतो. किसननगरचे कित्येक तरुण नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना "वागळे इस्टेट" एवढंच म्हणतात. स्थळ पाहायला येणारे इमारत बघून परततात, अशी भीती असते. अशा तरुणाला तुम्ही विचारलंत की पाहुणे आणू का, आणि तो नको म्हणाला, तर नको. तिथे वाद घालायचा नाही. वस्तीने नकार दिला तर पाहुण्याला वागळेच्या मुख्य रस्त्यावर उभं करून इतिहास सांगता येतो, तेवढ्यानेही बरंच काम होतं.

एक प्रश्न मात्र प्रत्येक पाहुणा विचारतोच: "एवढा त्रास आहे तर लोक इथून निघून का जात नाहीत?" याचं उत्तर आपण देऊ नये, तिथल्या माणसाला देऊ द्यावं. तो सांगेल की आजूबाजूला एवढ्या भाड्यात दुसरी खोली नाही आणि डिपॉझिटचे पैसे एकरकमी हातात नाहीत. मुलगी ज्या शाळेत आहे ती पायी अंतरावर आहे. बायको ज्या घरांत स्वयंपाक करते ती घरं पाचपाखाडीत आहेत, बदलापूरहून सकाळी सहाला तिथे पोचता येत नाही. शेजारी अडीअडचणीला रात्री दार उघडतो. आणि क्लस्टरमध्ये पात्र ठरायचं असेल तर आपण इथेच राहतो याचा पुरावा लागतो. आज खोली सोडली तर तीस वर्षं ज्या घराची वाट पाहिली त्याच्यावरचा हक्कच धोक्यात येईल.